ओर्बुस म्हणजे कोण

बाबा : चोर आहेत चोर! कोशमंडळ म्हणे! लॅटिन शिकवण्यात माझा जन्म गेला आणि हे माझ्याच नोंदींवर कात्री चालवतात.

मुलगी : चहा घ्या आधी. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या.

बाबा : हे बघ काय छापलंय. त्रिस्तितिआ, दुःख. लुक्तुस, दुःख. एग्रितूदो, दुःख. सगळ्या रोग्यांना एकच काढा! अगं, लुक्तुस म्हणजे माणूस गेल्यावरचा शोक, चारचौघांत दिसणारा. एग्रितूदो शरीराचंही दुखणं आणि मनाचंही. मूळ शब्दच ‘आजारी’.

मुलगी : बरं. धाकट्याच्या खोलीची किल्ली कुठंय?

बाबा : देसिदेरिउमच्या पोटात तर ‘सिदुस’, म्हणजे तारा आहे, असं सांगतात. खरंखोटं कुणालाच ठाऊक नाही. पण अर्थ? जे होतं आणि आता नाही, त्याची ओढ. यांनी छापलं ‘इच्छा’. डोंबल!

मुलगी : किल्ली, बाबा.

बाबा : कशाला?

मुलगी : बसायचंय जरा. तो गेल्यापासून पाय ठेवू दिला नाहीत मला तिथे.

बाबा : ओर्बुस बघ. ‘अनाथ’ म्हणून मोकळे झाले! ज्याचं पोर गेलं त्या बापालाही तोच शब्द. तो अर्थ मी लिहिला होता, यांनी खोडला. आपल्याकडे आहे का त्या बापाला एक तरी शब्द?

मुलगी : नाही.

बाबा : मग!

मुलगी : म्हणून आतून कडी लावून एकटेच बसता?

बाबा : तुला नवरा आहे, संसार आहे. माझं काय उरलंय?

मुलगी : त्याला सायकल मी शिकवली. त्याच्या प्रगतिपुस्तकावर तुमच्या खोट्या सह्या मी ठोकल्या.

बाबा : माझ्या सह्या? तू?

मुलगी : हुबेहूब. खालच्या शेपटीसकट.

बाबा : गाढवं कुठली.

मुलगी : दोघंही. आणि तो गेला तेव्हा जो तो मला म्हणाला, ‘बाबांना सांभाळ.’ तू कशी आहेस, असं एकानं विचारलं नाही. तुम्हीसुद्धा नाही. आता सांगा, सर. पोरक्याला शब्द आहे, बापाला आहे. जिचा भाऊ गेला, तिला काय म्हणायचं?

बाबा : ओर्बा, ओर्बुसचंच स्त्रीलिंग... तसा ताणला तर बसेल.

मुलगी : ताणू नका.

बाबा : नाही. खास तिचा असा नाही.

मुलगी : मग मी कुणाच्या शेजारी बसून रडू, बाबा? बोला ना.