दवाखान्याचा स्टॉप

ड्युटीला निघालेल्या नर्सबाईंच्या पुढच्या सीटवर दोन म्हातारी भावंडं हुज्जत घालत होती.

“ताई, ना यमक, ना ओळी. ही कसली कविता?”

“गद्यकविता म्हणतात तिला. फ्रेंचमधलं अख्खं पुस्तक आपल्या भाषेत आणायला सात वर्षं घातलीत मी, दीडशहाण्या!”

“माझा जन्म गेला कंडक्टरकीत. ऐकता ऐकता कुणाचा स्टॉप चुकला, तरच मानेन.”

“मग ऐक!”

ताईनं मोठ्यानं वाचायला घेतलं. शहर, गर्दी आणि गर्दीतला एकटा माणूस. संपलं तेव्हा बस चिडीचूप होती.

“बघ, कुणी हललंसुद्धा नाही,” ती पडेल आवाजात म्हणाली.

“अगं, दवाखाना मागे गेला! रोज तिथं अर्धी बस रिकामी होते!”

“अगबाई, माझी ड्युटी!” नर्सबाई ताडकन उठल्या आणि तशाच खाली बसल्या. “आजी, पुढच्या स्टॉपपर्यंत अजून एक होईल ना?”