बोळेवस्ती शाळेच्या यादीतील सहाव्या नावाबाबत

दिनांक २४ फेब्रुवारी २०२५, सोमवार, दुपारी १२ वाजून २० मिनिटे.

नाव सिद्धाराम बंडप्पा कोरे, वय २३ वर्षे, शिक्षण बारावी अनुत्तीर्ण, व्यवसाय शेती व जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत मानधनावर शिकवणी सहायक, राहणार बोळेवस्ती, ता. तुळजापूर, जि. धाराशिव.

मला पोलीस ठाण्यात बोलावून विचारपूस करण्यात आली, तिचे उत्तर म्हणून पुढील हकीकत देतो. माझ्या विनंतीवरून हवालदार मॅडमनी मला ती माझ्या अक्षरात लिहू दिली आहे. बोलताना माझा क्रम चुकतो. लिहिताना सहसा चुकत नाही.

मंगळवार दिनांक ११ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी मी शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला शब्दपट्ट्या चिकटवत होतो. त्या दिवशी शाळेची गुणवत्ता पडताळणी होती. पथक बाहेरून येणार होते. एकूण ११० पट्ट्या होत्या. खळ ओली राहू नये म्हणून मी लवकर गेलो होतो. माझ्याशिवाय शाळेत कोणी नव्हते.

आमच्या शाळेत पहिली ते चौथी मिळून ३१ मुले आहेत. मुख्याध्यापक रामहरी लोखंडे गुरुजी हे एकटेच कायम शिक्षक आहेत. मागील वर्षीच्या पडताळणीत शाळेला ड श्रेणी मिळाली होती. पुन्हा ड आल्यास मुले हायवेच्या पलीकडील मोठ्या शाळेत पाठवली जातील, असे ऑगस्ट महिन्यात पालकसभेत वाचून दाखवण्यात आले. ती शाळा वस्तीपासून अडीच किलोमीटरवर आहे. मध्ये सोलापूर–हैदराबाद रस्ता आहे व तिथे भुयारी वाट नाही. सभेनंतर गुरुजी मुलांनाही म्हणत, "अभ्यास करा रं, न्हायतर तुमची साळा तिकडं जाईल." मीही वर्गात तसे म्हणालो आहे. किती वेळा ते आठवत नाही.

मला जुलैपासून पालकांच्या वर्गणीतून दरमहा तीन हजार रुपये मानधनावर घेतले होते. माझे काम असे होते की, दर शनिवारी प्रत्येक मुलाला एक मिनिट उतारा वाचायला द्यायचा, बरोबर वाचलेले शब्द मोजायचे व वहीत मांडायचे. कोणाला कुठे अडते ते कळावे म्हणून ही वही होती. ती मी आज जमा केली आहे. तिच्यात कुठेही खाडाखोड नाही.

सोमवार दिनांक १० फेब्रुवारी रोजी सायंकाळी पावणेपाच वाजता मी व गुरुजी कार्यालयात बसलो होतो. पडताळणीचा नियम असा की, पटाच्या ऐंशी टक्के मुले हजर पाहिजेत आणि हजर मुलांतून बारा नावे चिठ्ठ्या टाकून काढायची. ३१ चे ऐंशी टक्के २४.८ होतात, म्हणजे २५ मुले. हा हिशेब मी केला. गुरुजींनी विचारले, "म्हंजी सहा घरी बसली तर चालतंय?" मी होय म्हणालो. गुरुजी म्हणाले, "कच्ची सहा काढ. तोंडी नको, कागदावर दे." मी वही बघून यादी केली. पहिली पाच नावे लगेच लिहिली. सहावे नाव लिहायला वेळ लागला. सहावे नाव समृद्धी बिराप्पा हिचे लिहिले, इयत्ता तिसरी, वय ९ वर्षे. गुरुजींनी कागदावर नजर फिरवली. वही मागितली नाही. "तुझ्या आकड्यावर माझा भरवसा हाय," एवढे म्हणाले.

फिर्यादीत यादी गुरुजींनी केली असे लिहिले आहे. यादी माझी आहे.

सायंकाळी ६ वाजून १० मिनिटांपासून मी सहा घरी गेलो. पाच घरच्यांनी फार विचारले नाही. हरभरा काढणीला आला आहे, पोर हाताशी राहिले तर बरेच, असे दोघे म्हणाले. शेवटचे घर बिराप्पा यांचे. ते मेंढ्या घेऊन तलावाकडे गेले होते. त्यांच्या पत्नी म्हाळसाबाई भाकरी करीत होत्या. मी वस्तीतलाच असल्याने त्यांना अक्का म्हणतो.

त्या म्हणाल्या, "कामून रं सिद्धा? उद्या सुट्टी हाय व्हय?"

मी म्हणालो, "सुट्टी न्हाय अक्का. साहेब लोक येणारेत."

"मग तर जायालाच पायजे. गणवेस धुऊन वाळत घातलाय तिनं. आन तू म्हणतोस पाठवू नगा."

"एकच दिवस."

"तुमच्या साळंचं लईच उफराटं. पाव्हणा आला की आमी कुत्रा बांधून घालतो, तसं झालं की." असे म्हणून त्या हसल्या. मीही हसलो. समृद्धी मेंढवाड्याच्या जाळीपाशी कोकरू धरून उभी होती. तिने ऐकले होते. तिने मला विचारले, "सर, सृष्टी जाणार हाय का?"

मी हो म्हणालो.

सृष्टी ही माझी भाची. माझी थोरली बहीण इरम्मा हिची मुलगी. बहीण चार वर्षांपासून माहेरी आहे व शाळेत खिचडी शिजवण्याचे काम करते. सृष्टी व समृद्धी एकाच वर्गात आहेत आणि एकाच बसकरपट्टीवर बसतात.

दिनांक ११ रोजी सकाळी साडेनऊ वाजता मी हजेरीत सहा नावांपुढे "आजारी" असे लिहिले. ९ वाजून ५० मिनिटांनी समृद्धी शाळेत आली. धुतलेला गणवेश, दोन वेण्या, लाल रिबिनी. ती माझ्यासमोर उभी होती, तेव्हा हजेरीत ती आजारी होती. गुरुजी फाटकाजवळून म्हणाले, "हिला कुणी सांगितलं न्हाय का?" मी सांगितले होते असे म्हणालो. वळणावर गाडीची धूळ दिसू लागली होती. गुरुजी म्हणाले, "सिद्धाराम, हिला घरी सोडून ये. घरी सोड, समजलं का?"

मी तिला हाताला धरून ओढ्याच्या पुलापर्यंत नेले. ती म्हणाली, "सर, मला कालचा धडा येतोय." मी म्हणालो, "उद्या घेऊ." गाडी शाळेत शिरताना दिसली. सगळ्या वह्या व कागदपत्रे माझ्या ताब्यात होती. मी तिला "आता जा नीट" म्हणालो आणि परत फिरलो. पुलापासून तिचे घर ३५० पावलांवर आहे. ती पावले मी नंतर मोजली.

मी मागे वळून पाहिले काय, असे विचारण्यात आले. नाही.

तिच्या घराला कुलूप होते. म्हाळसाबाई हरभऱ्याला गेल्या होत्या. समृद्धी मेंढवाड्यात कोकरांजवळ आहे असे त्यांना वाटत होते; ती त्यांच्या मागे शाळेत निघून आली हे त्यांना माहीत नव्हते.

पथकात दोन माणसे होती. बोलणाऱ्या मॅडम होत्या. त्यांनी २५ नावांच्या चिठ्ठ्या करायला सांगितल्या. मी कागद पट्टीने आखून कापला. १० वाजून ५५ मिनिटांनी माझ्या मोबाइलवर हायवेवरील ढाब्याचे मालक अमरसिंह यांचा फोन आला. मुलांच्या ओळखपत्रावर शाळेचा नंबर म्हणून माझा नंबर छापला आहे, कारण गुरुजींच्या फोनला वस्तीवर रेंज नसते. ओळखपत्रेही मीच केली आहेत. अमरसिंह म्हणाले, "सर, तुमच्या साळंची एक पोरगी हाय इथं. रस्ता वलांडताना पिकअपचा धक्का बसलाय. पायाला लागलंय. मी गाडीत घालून नळदुर्गला नेतो, तुमी घरच्यांना सांगा." मी कोणती मुलगी असे विचारले. ते म्हणाले, "नाव सांगंना, कार्डावरचं शाईचं नाव धुऊन गेलंय. लाल रिबिनी हायत."

मला ती कोण हे कळले.

मी शाळेतून ११ वाजून २० मिनिटांनी निघालो. मधल्या पंचवीस मिनिटांत काय केले, असे मला दोनदा विचारण्यात आले. मी चिठ्ठ्यांच्या घड्या करीत होतो. पथकाच्या मॅडम समोर बसल्या होत्या. गुरुजी दुसऱ्या खोलीत पहिलीच्या मुलांजवळ होते. एक चिठ्ठी नीट दुमडली नाही म्हणून मी पुन्हा दुमडली. बारा चिठ्ठ्या निघाल्यावर मी उठून गुरुजींच्या कानात सांगितले. त्यांचा हात फळ्यावर होता तो तसाच राहिला. ते म्हणाले, "अजून इथं काय करतोस?" मग मी मोटारसायकलवर हरभऱ्याच्या रानात जाऊन म्हाळसाबाईंना घेतले. वाटेत माझ्या शर्टाचा मागचा भाग त्यांनी मुठीत धरला होता.

नळदुर्गहून तिला सोलापूरला हलवण्यात आले. उजव्या पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले आहे. गुरुजी पथक गेल्यावर लगेच आले व दोन दिवस दवाखान्यातच होते. रक्त त्यांनी दिले.

बुधवारी दवाखान्याच्या जिन्यात गुरुजी मला म्हणाले, "यादीचं कुणाला बोलू नको. हजेरीत आजारी लिहिलंय, तेच सांग. शाळा राहिली तर तीस लेकरं तो रस्ता वलांडणार न्हाईत. माझं मग काय व्हायचं ते होऊ दे." मी तेव्हा बरे म्हणालो.

शनिवार दिनांक १५ फेब्रुवारी रोजी मी दवाखान्यात गेलो. समृद्धी जागी होती. तू घरी का गेली नाहीस, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "घरला कुलूप हुतं. मला वाटलं, माझी साळा आता तिकडं झाली. तिकडं बी आज परीक्षा आसंल म्हणून मी पळत गेले."

बिराप्पा बाकड्यावर बसले होते. ते मला लहानपणापासून सिद्धा म्हणतात. त्या दिवशी सर म्हणाले.

"सर, एवढंच सांगा. हिला वाचाय येतंय का न्हाय?"

मी म्हणालो, "येतंय."

"मग?"

त्याचे उत्तर इथे देतो.

शनिवार दिनांक ८ फेब्रुवारीच्या वाचनात समृद्धीने एका मिनिटात १७ शब्द बरोबर वाचले होते. सृष्टीने १४. यादीत सहावे नाव सृष्टीचे यायला हवे होते. मी तिला रोज संध्याकाळी घरी शिकवतो. शिकवणाऱ्याची भाचीच कच्च्यांत निघाली हे गुरुजींना दिसेल, बहिणीला खिचडीच्या चुलीपाशी ऐकावे लागेल, आणि जूनमध्ये मानधन चालू ठेवताना पालक काय म्हणतील, असे मनात आले. हे सर्व मनात यायला फार वेळ लागला नाही. समृद्धीचे आईवडील विचारायला येणार नाहीत, हेही मनात आले. मी समृद्धीचे नाव लिहिले. याची माहिती गुरुजींना नव्हती. आजही नाही.

चिठ्ठ्यांत सृष्टीचे नाव निघालेच नाही.

गुरुवार दिनांक २० रोजी निकाल आला. शाळेला ब श्रेणी मिळाली आहे. वस्तीवर पेढे वाटले नाहीत. गुरुजींनी कागद कपाटात ठेवला.

काल सायंकाळी मी बहिणीला सांगितले की उद्या खरे लिहून देणार आहे. ती म्हणाली, "लेकीला साऱ्या तालुक्यापुढं कच्ची ठरवणार व्हय? आन साळा गेली तर तीच त्या रस्त्यानं जाणार हाय. तिला सोडायला कोण, तू जाणार?" मी जाईन असे म्हणालो. ती म्हणाली, "पुलापर्यंत?" त्यानंतर आमचे बोलणे झालेले नाही. आज सकाळी माझा डबा चुलीजवळ भरून ठेवलेला होता.

हजेरीतील सहा नावांपुढील "आजारी" हा शेरा खोटा आहे व तो माझ्या हातचा आहे. मुलांना घरी ठेवा असे गुरुजींनी सांगितले, हे खरे आहे. समृद्धीला घरापर्यंत सोड असे त्यांनी सांगितले, हेही खरे आहे. मी पुलापर्यंत सोडले.

मुलांना घरी ठेवण्यासाठी किंवा नंतर गप्प राहण्यासाठी कोणाला पैसे दिले काय, असे विचारण्यात आले. कोणालाही नाही. माझ्याकडून झालेला खर्च असा: दिनांक ११ रोजी पेट्रोल १०० रुपये, दिनांक १५ रोजी सोलापूरला एस.टी.ने जाणे-येणे १६० रुपये, केळी ४० रुपये, एकूण ३०० रुपये. मला जानेवारी व फेब्रुवारीचे मानधन ६,००० रुपये येणे आहे. बिराप्पा यांचा काल सकाळपर्यंत ३८,४०० रुपये खर्च झाला असून त्यांनी पाच मेंढ्या विकल्या आहेत, हे त्यांनी सांगितले नाही, मी चौकशी करून लिहीत आहे. दिनांक १५ रोजी मी समृद्धीच्या उशीखाली २,००० रुपये ठेवून आलो होतो. ते त्यांनी सोमवार दिनांक १७ रोजी शाळेत बहिणीच्या हाती परत पाठवले. निरोप काही नव्हता. ते २,००० रुपये माझ्याकडे आहेत. ते खर्चात धरू नयेत. देण्यात धरावेत.

हा मजकूर हवालदार मॅडमनी मला पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवला. १७ आणि १४ या आकड्यांशी त्या थांबल्या आणि काही बदलायचे आहे का, असे विचारले. मी नाही म्हणालो. वाचला तसाच बरोबर आहे.

सही
सिद्धाराम बंडप्पा कोरे