सातव्या दिवसाची फुलं

रादिम : वहिनी, पिंपाचं झाकण तुम्ही काढलं होतंत का?

बोहदाना : मी कशाला काढू? तळघराच्या अकरा पायऱ्या आणि माझे हे गुडघे. कॉफी घ्या आधी, निवतेय.

रादिम : कॉफी राहू दे. दादाने मागच्या शनिवारी बिअर लावली, आज सातवा दिवस. म्हटलं बिअर कडू करायची हॉपची फुलं आपण टाकावीत, तोडणी संपल्याच्या जेवणाला तरी दादाच्या हातची बिअर मिळेल गावाला. झाकण काढलं, तर फुलांची पिशवी आधीच आत. दोरीला बांधलेली, तळाला नदीतला गोटा, सगळं अगदी रीतसर.

बोहदाना : मग झालं की काम. आयतं झालंय तर तक्रार कसली?

रादिम : टाकली कुणी?

बोहदाना : मला काय विचारता?

रादिम : घरात तुम्ही एकट्या आहात, वहिनी. दुसरं कुणाला विचारू, मांजराला?

बोहदाना : विचारा. ते तुमच्यापेक्षा कमी बोलतं.

रादिम : ही बघा पिशवी. घेऊन आलोय वर. गाठ बघा.

बोहदाना : टेबलावर ठेवू नका, ओली आहे.

रादिम : गाठीवर दात उमटलेत. दादाचा उजवा अंगठा तोडणीच्या यंत्रात गेला, तेव्हापासून तो गाठ दाताने ओढायचा. आख्ख्या गावात अशी गाठ दुसरं कुणी मारत नाही.

बोहदाना : मी मारली असेल.

रादिम : तुमची कवळी पाव चावताना हातात येते.

बोहदाना : लाज वाटते का काही? नवऱ्याला पुरून तीन दिवस झाले नाहीत, आणि दीर माझे दात काढतोय.

रादिम : वहिनी, माझ्याकडे बघा. ही पहिली पिशवी आहे का?

बोहदाना : चुलीमागे बघा. दोरीवर वाळत घातल्यात.

रादिम : एक, दोन... पाच?

बोहदाना : सोमवारपासून रोज एक. मी सकाळी काढते, दुसऱ्या दिवशी नवी असते. फुलं सातव्या दिवशी टाकायची, एवढंच त्यांना आठवत असेल. खाली त्यांना रोजच सातवा दिवस.

रादिम : देवा रे. दादा रविवारी गेला.

बोहदाना : मला सांगताय? समोर बसले होते. सूप वाढलं, म्हणाले मीठ कमी आहे. मी मीठ आणायला वळले, तेवढ्यात.

रादिम : रविवारी आपण कामं वाटून घेतली होती. मालक गेला की घरातल्या सगळ्यांना सांगायचं. मी मधमाश्यांकडे गेलो, चौदाही पेट्यांवर तीन-तीनदा ठोकून सांगितलं, आणि गुणगुण ऐकू येईपर्यंत थांबलो. तुम्ही गाय, कोंबड्या, अक्रोडाचं झाड आणि तळघर घेतलं होतंत.

बोहदाना : गाईला सांगितलं. तिने कान हलवले. कोंबड्यांना सांगितलं, झाडाला सांगितलं.

रादिम : आणि पिंपाला?

बोहदाना : गेले होते.

रादिम : मग?

बोहदाना : चौथ्या पायरीपर्यंत गेले. खालून शीळ ऐकू आली. ती त्यांची, काम करताना वाजवायचे ती, अर्ध्यावर सूर चुकणारी. पंचेचाळीस वर्षं त्या शिळेवरून भांडत आले मी. तशीच मागे फिरले आणि दार ओढून घेतलं.

रादिम : घाबरलात.

बोहदाना : घाबरले नाही हो, तिथेच तर घोळ आहे. बरं वाटलं मला. म्हटलं पिंपाला ठाऊक नाही तोवर हे खाली आहेत. पिंपाला एकदा कळलं की काय उरलं मग? कपाटातला कोट आणि भिंतीवरचा फोटो.

रादिम : आबा गेले तेव्हा घोड्याला सांगायचं राहिलं होतं, आठवतंय? तिसऱ्या आठवड्यात घोडा खाणं सोडून मेला. आई म्हणायची, ज्याला सांगत नाहीत ते मालकाच्या मागे जातं.

बोहदाना : पिंप कुठे जाणार? त्याला काय पाय आहेत?

रादिम : त्याचा फेस बघितलात का? सातव्या दिवशी खाली बसायला हवा. अजून दुसऱ्या दिवसासारखा उकळतोय, झाकण उचलतोय. आत काय खातोय कुणास ठाऊक, साखर तर केव्हाच संपली असणार.

बोहदाना : उकळू दे. मला ऐकायला आवडतं. रात्रभर जमिनीतून आवाज येतो, घरात कुणी असल्यासारखं वाटतं.

रादिम : तुम्ही जेवलात कधी शेवटचं?

बोहदाना : कॉफी घेते की.

रादिम : हं. ही फुलं कुठली, ते बघितलंत? माळ्यावरच्या पोत्यातली?

बोहदाना : पोत्याची शिवण उसवलेली नाही. मी बघून आले.

रादिम : मग?

बोहदाना : त्यांच्या उशीतली असतील.

रादिम : कुठल्या उशीतली?

बोहदाना : तुम्हीच तर सुतळी धरलीत. शवपेटीत डोक्याखाली द्यायला हॉपची उशी शिवली नाही का मी? तुमच्या आईलाही दिली होती. शांत झोप लागावी म्हणून देतात.

रादिम : वहिनी, त्या पाच पिशव्या इकडे द्या. उजेडात... सोमवार, मंगळवार, बुधवार, स्वच्छ आहेत. ही गुरुवारची. हात लावा.

बोहदाना : खरखरीत लागतंय.

रादिम : माती आहे. लाल. बुधवारी पुरलं आपण त्याला. शुक्रवारच्या पिशवीत जास्त आहे. आणि आजची बघा, पाव पिशवीही भरलेली नाही. गाठसुद्धा पूर्ण ओढलेली नाही, दात नुसते टेकलेत.

बोहदाना : ते कधी अर्धी गाठ ठेवत नसत.

रादिम : ताकद संपत आलीय, वहिनी. तुम्हाला शीळ गोड लागतेय. त्याला काय वाटतंय? काम राहिलं, काम राहिलं, म्हणून रोज त्या मातीतून उठून येतोय.

बोहदाना : उशीत सहा-सात पिशव्यांचीच फुलं होती. मोजून भरली नव्हती, पण हाताला अंदाज असतो.

रादिम : म्हणजे आता...

बोहदाना : म्हणजे डोकं फळीवर आलं असेल. त्यांना मानेचा त्रास होता हो. दोन उशा लागायच्या. आणि मी इथे पिशव्या वाळत घालत बसलेय.

रादिम : मी सांगू का पिंपाला? भाऊ आहे त्याचा, चालेल.

बोहदाना : नाही. घर माझं आहे. माळ्यावरच्या पोत्यातली फुलं घेऊन या, मग हात द्या, आणि पायऱ्या मोजू नका मोठ्याने, मला येतात.

(तळघरात. पिंपातून बुडबुड्यांचा आवाज.)

रादिम : ऐकू येतेय का शीळ?

बोहदाना : नाही. दम लागलेला ऐकू येतोय. तुमचा आहे का?

रादिम : मी श्वास रोखून उभा आहे.

बोहदाना : बरं. ती माळ्यावरची फुलं आणलीत ना, ती द्या इकडे. आधी काम पुरं करते, मग सांगते. अर्धवट कामावर त्यांना निरोप दिलेला आवडणार नाही. गोटा कुठाय? बांधा तुम्ही, माझ्या दातांचं नाव काढू नका. हं, सोडा आता. हळू.

रादिम : गेली तळाला.

बोहदाना : अहो, ऐकताय ना. फुलं टाकली. तुमच्यापेक्षा जरा जास्तच टाकलीत, कडू झाली तर बोलू नका. उद्या येऊ नका आता. सूपात मीठ घालीन मी.

रादिम : ठोका, वहिनी.

बोहदाना : ठोकते. एक. दोन. तीन. ओत्मार गेला. आता मालकीण मी.

रादिम : आवाज थांबला. फेस बसतोय, बघा. कडेने उतरत चाललाय.

बोहदाना : पिंपाने ऐकलं म्हणायचं.

रादिम : आता वर चला. तुम्ही दोन घास खा. मी थांबतो रात्री, हवं तर.

बोहदाना : भावोजी, एक विचारू? गाईला सांगितलं, माश्यांना सांगितलं, झाडाला, पिंपालासुद्धा सांगून झालं. मला कुणी सांगितलं?

रादिम : तुम्हाला? तुमच्यासमोर गेला की तो.

बोहदाना : म्हणूनच कुणी सांगितलं नाही. सगळ्यांना वाटलं, हिला माहीत आहे. डॉक्टरने मलाच विचारलं, किती वाजता गेले. पाद्रीने विचारलं, कोट कुठला घालायचा. सांगायला कुणीच आलं नाही. सहा दिवस घास उतरत नाही, भावोजी, आबांच्या त्या घोड्यासारखा. परवापासून खालची पायरी जवळ वाटायला लागलीय.

रादिम : बसा. इथे, खालच्या पायरीवर बसा. हात माझ्या हातात द्या.

बोहदाना : थंड आहे हात तुमचा.

रादिम : एक. दोन. तीन. बोहदाना वहिनी, ओत्मार गेला. आता तुमच्या तुम्हीच.

बोहदाना : ऐकलं.