डाव्या हातावरचं नाव

मिरजगावच्या यात्रेत गोंदणाऱ्या मावशीच्या मशीनपुढं राहीबाई रांगेत होती. तिच्या पुढं एक नवरदेव होऊ घातलेला ताठ गडी आणि त्याची ठरलेली पोरगी. राहीबाईनं कान टवकारले.

"सुकन्या, हात पुढं कर. माझं नाव गोंदून घे. मी न्हाई का तुझं गोंदलं?"

"साखरपुड्यात ते डाव्या हातावर हुतं. आज उजव्यावर कसं?"

"उजव्यावरच हुतं."

"फोटो दावू?"

"मग काय, पाण्यानं चिकटवायचं स्टिकर लावलंय व्हय मी?"

"ही घ्या बाटली. धुवा."

"लोकं बघत्यात."

राहीबाई मुद्दाम पाळण्याकडं बघू लागली.

सुकन्या गोंदणारीला म्हणाली, "मावशी, आदी ह्यांच्या हातावर गोंदा. मग माझ्या."

"अगं, मशीन लई दुखतं म्हणत्यात!"

"म्हणत्यात?"

सुकन्यानं बाही खाली ओढली आणि वळून राहीबाईला म्हणाली, "आजी, तुमी व्हा पुढं."