अर्धा फेरा

आता मला विचारून काय उपयोग, मिस्त्री? नट ढिले झाले ते झाले. आपोआप होत नाहीत म्हणता? बरं, नाही होत. कुणीतरी पाना लावलाय, गंज ताजा खरवडलेला दिसतोय — वा, टाकी घट्ट करायला आलात की चोर पकडायला? उंदरांनी केलं असेल. फार माजलेत आमच्याकडे उंदीर. या, आत या, जाऊबाईंच्या घरातनं आलात म्हणून दारात उभे नका राहू, तुम्हाला बंदी नाही. बंदी आम्हाला आहे. ते बघा, त्या कोपऱ्यात, भिंतीतनं बोटबोटभर बाहेर आलेत ना, तेच दोन बोल्ट. पलीकडे आमच्या थोरल्या दिरांचा, महिपती भाऊजींचा संडास, संडासात डोक्याच्या वर त्यांची लोखंडी टाकी, आणि टाकी ज्या बोल्टांवर लटकते त्यांचे नट आमच्या माजघरात. साखळी त्यांनी ओढायची, नट आम्ही सांभाळायचे. अशी आमची वाटणी.

भिंत बघितलीत? वाजवून बघा बोटाने. पापड आहे पापड. दोघे भाऊ वेगळे झाले — कशावरून, तर परसातल्या एका फणसावरून — तेव्हा मधे भिंत घालायची ठरली, आणि भिंतीची जाडी कुणाच्या जागेत धरायची ह्यावर आठ दिवस वाद. थोरले म्हणाले तुझ्या बाजूला, आमचे हे म्हणाले तुझ्या बाजूला. शेवटी गवंडी कंटाळला, त्याने विटा उभ्या रचल्या. चार बोटांची भिंत. कुणाची जागा गेली नाही आणि भिंतही झाली नाही. आणि असल्या भिंतीवर भाऊजींनी काय टांगावं? मणभर टाकी. लढाई संपली तेव्हा तुमच्या तिकडे कॅम्पात, आता उल्हासनगर म्हणतात तिथे, गोऱ्या शिपायांच्या सामानाचा लिलाव झाला होता. कुणी खुर्ची आणली, कुणी घोंगडी आणली. भाऊजींनी संडासाची टाकी आणली. पाच वर्षं परसात पडली होती, कोंबडी अंडी घालायची तिच्यात. भिंत झाली तशी टांगली. अख्ख्या बेलवलीत नळ नाही, सगळं विहिरीचं पाणी — पण टाकी आहे. म्हणजे जाऊबाईंनी शिडीवर चढून दोन बादल्या वर ओतायच्या, मग भाऊजींनी आत जाऊन साहेबासारखी साखळी ओढायची. धो. दोन्ही बादल्या एका दमात खाली, जाऊबाई परत शिडीवर. त्यापेक्षा त्या बादल्या खालच्या खालीच ओतल्या असत्या तर? नाही, पण मग साखळी कशाला ओढायची?

हसा, हसा. मीपण हसले — आधी रडले, मग हसले. कारण ह्या कोपऱ्यात माझे देव होते. सकाळी पूजेला बसले आणि बघते तर देवांच्या डोक्यावर गिलावा फोडून दोन बोल्ट बाहेर. विचारणं नाही, सांगणं नाही. देव हलवले मी त्या भिंतीला. पूजेची घंटा मात्र दोरीने बांधली ती ह्याच बोल्टाला. का म्हणजे? मुद्दाम. पलीकडे साखळी ओढली की टाकी थरथरते, बोल्ट हलतो, घंटा वाजते. भाऊजी जाऊन आले हे आळीला कळायला नको? पहिले चार दिवस आळीतली पोरं घंटा वाजली की प्रसाद मागायला यायची. भाऊजी आठवडाभर मान वर करून चालले नाहीत. माझं मन कसं गार झालं होतं.

म्हातारी? हां, ती माझी सासू. रखमाबाई. तुम्हाला काय सांगितलं जाऊबाईंनी — भ्रम झालाय? टाकीत पाणी असो नसो, सकाळी उठून दोनदा साखळी ओढते, आणि तिच्या ओढण्यानेच नट ढिले झाले? बरोबर आहे. म्हातारीवर ढकललं की सगळे मोकळे. आता तिची बाजू मी घेत नाही, ती काही गोड बाई नव्हे. वाटणीच्या दिवशी चार माणसांनी विचारलं, रखमाबाई, तुम्ही कुणाकडे राहणार? तर म्हणाली, माझी बाज आहे तिथे. बाज त्या बाजूला होती. झालं, गेली. तेराव्या वर्षी मी ह्या घरात आले. भाकरी थापायला तिने शिकवलं, माझं पहिलं मूल गेलं तेव्हा दहा दिवस मला पोटाशी धरून निजली ती — आणि उत्तर काय, तर बाज आहे तिथे. लागलं हो मला. अजून लागतं. सहा महिने मी तिच्याकडे बघितलं नाही. ती ओट्यावर येऊन बसायची, मी पाठ करून कपडे वाळत घालायची. मग दिवाळीला पडली, कंबर गेली, ओटा सुटला. आता बाजेवरून संडास, संडासावरून बाज. आणि आमच्या ह्यांनी भिंत झाली त्याच दिवशी देवापुढचा अंगारा हातात घेऊन शपथ घेतलेली, ह्या घरातलं माणूस त्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. स्वतःची आई पलीकडे पडली, पण शपथ अलीकडे धडधाकट.

भ्रमबिम काही नाही तिला. मी सकाळी चूल पेटवते ना, तेव्हा वाजते घंटा. भाऊजी ओढतात एकदा. दोनदा वाजली की ती. मग मी उठायचं, हाताने दोनदा वाजवायची, मग ती पलीकडे खाकरायची. एवढंच. बोलायचं म्हटलं तर भिंतीतनं सगळं ऐकू जातं, पण आधी बोलायचं कुणी? ती बोलली नाही, मी बोलले नाही. पण ते खाकरणं ऐकलं की माझ्या हाताला काम सुचायचं. मग थंडीत तिच्या हातातलं बळ गेलं. दोन दिवस तिची घंटा नाही. तिसऱ्या दिवशी मी भिंतीला कान लावला, तर साखळी किणकिणतेय — ओढतेय ती, बोल्टच हलत नाही. मग काय करायचं होतं मी? आमचे हे अंबरनाथला कारखान्यात आहेत, पाना घरात असतोच. अर्धा फेरा. अर्धाच. वाजली. पुढे तिचा हात आणखी हलका झाला, परत अर्धा. मग आणखी — उंदीर हो. म्हटलं ना तुम्हाला, उंदीर.

काय म्हणालात? परत सांगा. गिलाव्याचा ढपला पडला — कुणाच्या मांडीवर? काल? आणि टाकी वीतभर पुढे झुकलीये. ती बसते त्याच्या बरोबर वर. मला कसं कळणार, सांगा. मला इथनं टाकी दिसते का? मला नट दिसतात आणि घंटा ऐकू येते, नटाच्या पलीकडे काय लटकतंय ते नाही दिसत. म्हणजे रोज ती दोनदा ओढत होती, आणि मी इकडनं — नको. तुम्ही काही बोलू नका. कामाला लागा. घंटा सोडते मी. ती लोखंडी पट्टी आणलीत ना, ती दोन्ही बोल्टांना मिळून लावा, मोठे वायसर घाला, जे असेल ते घाला. आवळा. अजून आवळा. भिंत तडकेल? तडकू दे, एकदाची — नाही, नको, तिच्याच अंगावर जायची. बेताने आवळा, मिस्त्री. पण हलता कामा नये.

झालं? बरं. घंटा बांधली मी परत, सवय झालीय हाताला. मारा हाक जाऊबाईंना, म्हणावं ओढा. — हं. धो. ऐकलंत? घंटा हललीसुद्धा नाही. छान काम केलंत, आता आम्ही सगळे सुखाने जगू. आवरा तुमचं सामान.

थांबा. पाना वाजवू नका. हे किणकिण कसलं? पाणी तर संपलं. दोनदा. परत दोनदा. जाऊबाई नव्हेत त्या. आली वाटतं ती भिंतीला धरून — इतका वेळ मी बडबडतेय ते सगळं ऐकलं असेल तिने, पापड आहे ना भिंत. मी वाजवते हाताने, हे घ्या, दोनदा. झालं, आता खाकरेल. — का नाही खाकरत? परत ओढतेय. काय हवंय हिला?

बोलली. तुम्ही ऐकलंत? काय म्हणाली, सांगा, मला नीट — नाही, ऐकलं मी. ‘बकुळा, बाज उचलायला ये.’

आले, आत्याबाई. सरका, मिस्त्री, दारातनं सरका. चहा चुलीवर आहे, तुमचा तुम्ही ओतून घ्या. आणि आमचे हे आले तर सांगा, उंदीर पलीकडे गेलाय.