पुढच्या सीटबाबत एक हरकत

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष माननीय आयुक्त महोदया, व्यासपीठावर उपस्थित मुख्य अभियंता साहेब, सत्कारमूर्ती आणि आपल्या सगळ्यांचे भाऊ, सिग्नल दुरुस्ती पथकातले माझे सहकारी, चौकाचौकांत उन्हात बसून गाड्या मोजणारी आमची मंडळी, वाहतूक पोलिसांचे प्रतिनिधी, आणि मी धरून ठेवलेली खुर्ची सोडून तिसऱ्या रांगेत भाऊंच्या पत्नीशेजारी जाऊन बसलेल्या माझ्या मातोश्री,

मला बोलायला उभं करताना सूत्रसंचालक म्हणाले, "तुम्ही दोघं एकाच दिवशी खात्यात रुजू झालात, तेव्हा तुम्हीच मनापासून बोलाल." मनापासून बोलायचं तर मंडळी, मी या माणसावर जळतो. हसू नका, खरंच जळतो. भाऊंच्या टेबलाभोवती कायम चार जण उभे. माझ्या टेबलाशी लोक सही घ्यायला येतात आणि शाई वाळायच्या आत निघून जातात. भाऊ चार दिवस रजेवर गेले की पुलाखालच्या चौकातला हवालदार फोन करून तब्येत विचारतो. मी गेल्या वर्षी तीन आठवडे आजारी होतो. परत आलो तर तोच हवालदार म्हणाला, "साहेब, दिसला नाहीत दोन दिवस?"

भाऊंबद्दल मला नितांत आदर आहे, हेही नोंदवून ठेवतो. आदर आणि जळफळाट एकाच माणसाबद्दल एकाच वेळी कसा वाटतो, हे एका खोलीत, एका पंख्याखाली, समोरासमोर बसून ज्यांनी नोकरी काढली त्यांना सांगायला नको. आणि पंख्याचा रोख कुणाकडे असे, हेही सांगायला नको.

आपल्या शहरासाठी कोंडीचे निकष भाऊंनी घालून दिले, असं माझ्या आधीच्या सगळ्या वक्त्यांनी सांगितलं. जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडं खुलासेवार सांगतो. रस्त्यावर गर्दी तर असतेच, पण तिला कोंडी कधी म्हणायचं? शहर वाढत होतं. जो तो म्हणे माझाच रस्ता तुंबलाय, रुंद करा. रुंद करायचा म्हणजे कुणाची तरी दुकानं जाणार, कुणाच्या दारातलं झाड जाणार. म्हणून एक मोजमाप हवं होतं: इथपर्यंत थांबणं चालेल, त्यापुढे नाही. माझं म्हणणं सरळ होतं. सबंध शहराला एकच नियम. दिवा हिरवा झाला की रांगेतली शेवटची गाडीसुद्धा त्याच फेरीत चौक ओलांडून गेली पाहिजे. नाही गेली, तर रस्ता रुंद करा.

भाऊ म्हणाले, "बाहेरच्या वळणरस्त्याला तुमचा नियम ठीक आहे. पण बाजारात माणूस पोचलेलाच असतो हो, जरा थांबला तर काय बिघडलं? आपण किती थांबवतो ते सगळेच मोजतात. माणसाला किती थांबल्यासारखं वाटतं, ते मोजू या."

वाटतं! मी अभियंता आहे. वाटणं कुठल्या टेपनं मोजायचं? पण निकष ठरवणाऱ्या समितीला ते पटलं. भाऊंचं म्हणणं समितीला पटतंच. मी तेच बोललो असतो तर मला घरी जाऊन विश्रांती घ्यायला सांगितलं असतं.

मग चाचणी ठरली. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनी प्रवासी व्हायचं. एक गाडी भाऊंची, एक माझी. चौक तोच, पुलाखालचा. दिवा तोच, दीड मिनिटाचा. चौक ओलांडला की प्रवाशाला विचारायचं, किती थांबलो असं वाटतं? माझी आई हौसेनं आली. आधी माझ्या गाडीत बसली, मागे. पुढच्या सीटवर माझे नकाशे असतात, हेल्मेट असतं, मोजणीची यंत्रं असतात. चौक गेला, मी विचारलं, "आई, किती थांबलो गं?"

"पाच मिनिटं तरी झाली असतील रे. पाय अवघडले माझे."

मी खूश! माझाच नियम सिद्ध होत होता. मग ती भाऊंच्या गाडीत बसली. तोच चौक, तोच दिवा. पलीकडे गेल्यावर भाऊंनी विचारलं, "आई, किती थांबलो असू?" आणि माझी आई, माझी सख्खी आई, त्यांना म्हणाली, "थांबलो होतो का आपण?"

टाळ्या काय वाजवताय? तुमच्या आया बोलल्या असत्या म्हणजे कळलं असतं.

बरं, आईपुरतं असतं तर समजूत घातली असती मनाची. पण प्रत्येक प्रवाशाचं तेच! माझ्या गाडीतले आकडे फुगलेले, भाऊंच्या गाडीतले रोडावलेले. मुख्य अभियंता साहेब, आपण मला भर बैठकीत विचारलं होतंत, आठवतं का, "तुमच्या गाडीत नेमकं चालतं तरी काय?" काही चालत नाही साहेब, तीच तर अडचण आहे. मी रेडिओसुद्धा लावत नाही. समिती माझे आकडे सरसकट वगळायला निघाली, तेव्हा भाऊ उठले. म्हणाले, "ते काढू नका. शहरातले बहुतेक लोक यांच्यासारखाच प्रवास करतात." मग दोन्ही गाड्यांचा मध्य काढला गेला. आज बाजाराच्या रस्त्याला जी मर्यादा लागू आहे, ती अर्धी माझ्या मुक्या गाडीतून आलेली आहे. दुकानं वाचली, झाडं वाचली, आणि भर बैठकीत माझीही लाज वाचली, तीही भाऊंमुळेच. यांनी मला बुडवलं असतं तर मी निदान सुखानं रागावलो असतो.

चाचणी संपली, पण आईची ती गाडी काही सुटली नाही. गुडघ्यांच्या व्यायामासाठी तिला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जावं लागतं. भाऊंची वाट तिकडूनच आणि मला ऑफिस गाठायची घाई, म्हणून भाऊ तिला नेऊ लागले. ती फाटकाशी आधीच तयार होऊन उभी राहते. मी न्यायचो तेव्हा तीनदा हाक मारावी लागे. एकदा न राहवून विचारलं, "एवढं काय बोलता गं तुम्ही?" तर म्हणाली, "तो कुठे बोलतो? तो विचारतो, मी सांगते."

आणि एक दिवस चहाच्या वेळी भाऊ सहज म्हणाले, "आई लग्नाआधी गाडी चालवायला शिकल्या होत्या, तुम्हाला ठाऊकच असेल."

"हो तर," मी म्हणालो. मला ठाऊक नव्हतं, मंडळी. इतकी वर्षं मी तिला मागे बसवून फिरवतोय. माझं गिअर टाकणं, माझं क्लच दाबणं ती मागून बघत आली आणि अक्षर बोलली नाही. माझ्या आईला गाडी चालवता येते, हे मला भाऊंच्या तोंडून कळावं? त्या दिवशी मी चहा तसाच टाकून उठलो. भाऊंना वाटलं साखर कमी पडली.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या आठवड्यात भाऊ या समारंभाची पत्रिका घेऊन आमच्या घरी आले आणि आईला म्हणाले, "आता निवृत्त झालो की मी मोकळाच आहे. दवाखान्यात यापुढे मीच नेत जाईन तुम्हाला, कायमचं." आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "चालेल की!"

अध्यक्ष महोदया, आपल्याकडे कुठलाही निकष कायम करण्यापूर्वी हरकती आणि सूचना मागवायची पद्धत आहे. मला हरकत घ्यायची आहे. भाऊ, तुम्हाला माझ्याआधी बढती मिळाली, मी टाळ्या वाजवल्या. निकषांवर तुमचं नाव लागलं, मी टाळ्या वाजवल्या. आजही वाजवल्या, हात लाल झालेत. सोमवारपासून मी तुमच्या खुर्चीत बसणार आहे. ती मला नको होती असं खोटं बोलणार नाही, डोळा होताच तिच्यावर. पण तुम्हाला हवी तर तीही न्या. दवाखान्याचा रस्ता मी सोडणार नाही. ती माझी आई आहे, भाऊ.

पुढची सीट मी आज दुपारीच रिकामी केली. नकाशे डिकीत टाकले, हेल्मेट घरी ठेवलं, फडक्यानं सीट पुसली. काय विचारायचं तेही ठरवलंय: गाडी चालवायला शिकवलं कुणी, आणि मग सोडलीस का? भाऊ, तुम्हाला उत्तर माहीत असणार. कृपा करून मला सांगू नका.

या समारंभासाठी राबलेल्या सर्वांचे, आणि माझी ही तक्रार भाषण म्हणून ऐकून घेतल्याबद्दल आपणा सर्वांचे मनापासून आभार. सत्कारमूर्तींबद्दल गोड बोलायचं राहून गेलं असेल तर पदरात घ्या, ते बाकीच्यांनी भरपूर बोलून ठेवलंय. वहिनी, तुम्हीही राग मानू नका. आणि आई, आज माझ्या गाडीतून येशील ना घरी?

काय? मोठ्यानं बोल, माइक माझ्याकडे आहे.

मंडळी, ती म्हणतेय, "येते रे, पण आटप आता. या वेळेला पुलाखाली तुंबतं."

तुंबू दे, आई. आज तुंबू दे.