बर्फावरची म्हातारी

सुभद्राबाई : …मग आख्यानात तिथं मी पांडुरंगाला आणते. बर्फावरून अनवाणी येतो, कादंबरीतल्या म्हातारीचा हात धरतो आन् तिला तळ्यापल्याड नेतो.

वर्षाली : आई, फिनलंडच्या तळ्यावर पांडुरंग?

सुभद्राबाई : का? त्याला काय पासपोर्ट लागतो?

नवनाथ : स्वेटर तरी घाला मावशी देवाला. पेटी वाजवताना मलाच हुडहुडी भरायची.

वर्षाली : नवनाथदादा, तुम्ही तरी हसू नका. आई, कंपनीत फिनिश शिकले म्हणून ती कादंबरी तुला वाचून दाखवता आली. तिच्यात असं काही नाही. म्हातारी गोठलेल्या तळ्यावर पाऊल ठेवते आणि पुस्तक संपतं. लेखिकेनं, हेल्वीनं, पुढं लिहिलंच नाही.

सुभद्राबाई : ठावं हाय मला. नवरा कागदाच्या कारखान्यात, ही चुलीपाशी बसून लिवायची. कारखाना बंद पडला, गाव उठून गेलं, तरी ही त्या रिकाम्या घरांवरच लिवत राहिली. पार म्हातारी झाली, इसरायला लागली, तवा लेक तिला तिचंच पुस्तक वाचून दाखवायची. तर म्हणायची…

वर्षाली : "कुणी लिहिलंय हे? फार एकटी असणार बिचारी."

सुभद्राबाई : हे सांगून लोकांना घरी कसं धाडू? पूर्वरंगात पद धरलंय, देव धावून येतो म्हणून. आख्यान फिरून त्या पदावर आलं पायजे. कीर्तनाची रीतच हाय ती.

नवनाथ : लोक आहेत कुठं, मावशी? सेकंड शिफ्टची बस आली, निम्मं देऊळ तिच्यात बसून चाकणला गेलं. मध्यंतराचा हार घालायला अध्यक्ष येणार होते, ते फोन उचलत नाहीत. मीच घालतो. वाका जरा.

सुभद्राबाई : घाल बाबा. शेवटचाच हाय.

(खोकला. बराच वेळ थांबत नाही.)

वर्षाली : पाणी घे. आणि असं बोलू नकोस.

सुभद्राबाई : मग कसं बोलू? उद्या सकाळी गळ्यातला आवाजच काढून टाकणार. डॉक्टर म्हणला, जगाल आजी, पण गाणं तर सोडाच, बोलणं बी न्हाई. आन् आज तू म्हणतीस, त्या म्हातारीला बर्फावर एकटी सोड?

वर्षाली : …आण मग. आण पांडुरंगाला. मी काही म्हणत नाही.

सुभद्राबाई : रडतीस व्हय?

वर्षाली : नाही.

सुभद्राबाई : डोळं पूस. मला सांग, तुझ्या हेल्वीबाईला कुणाला तरी आणणं अवघड होतं का?

वर्षाली : सोपं होतं. प्रकाशक मागंच लागला होता, म्हातारीला पलीकडं पोचवा म्हणून. ती म्हणाली, मी त्या काठावर उभी राहून पाहिलंय. पलीकडं कुणी दिसत नाही.

सुभद्राबाई : …मला बी दिसत न्हाई गं.

वर्षाली : आई…

सुभद्राबाई : एवढी वरसं हरेक आख्यानात मीच त्याला हाताला धरून आणला. लोक रडायचे, टाळ्या पिटायचे. आज न्हाई आणत. म्हातारी पाऊल टाकंल, तिथं मी गप होते.

नवनाथ : आणि पद? पदावर यायचंय ना?

सुभद्राबाई : त्याचं त्यानं यावं.

नवनाथ : नाहीच आला तर, मावशी?

सुभद्राबाई : तर तू पेटीचा सूर सोडू नकोस. मी उभीच हाय.